कुत्र्याचे पोट खाजवले की त्याचा मागचा पाय का चालू लागतो?

सहकारनगरकर

नमस्कार. पाळीव कुत्र्यांच्या एका सवयीविषयी, किंबहुना तिला सवय म्हणावे की नाही याविषयीच, येथील जाणकारांचे मत हवे आहे. आमच्याकडे चिकू नावाचा देशी कुत्रा आहे. दुपारी तो गॅलरीत उताणा पडलेला असताना, बरगड्या संपतात त्याच्या थोडे मागे, पोटाच्या कडेला बोटांनी खाजवले, की त्याच बाजूचा मागचा पाय हवेत झपाझप चालू लागतो. उजवीकडे खाजवले तर उजवा, डावीकडे खाजवले तर डावा. यात कधी अदलाबदल झालेली मी पाहिलेली नाही. बोटे जरा बाजूला सरकवली की पाय मंदावतो आणि मूळ जागी आणली की पुन्हा वेग घेतो. पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटते आणि घरी येणारे प्रत्येक लहान मूल आधी चिकूचे 'बटण' शोधते.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. यजमानांच्या मते त्याला मनापासून आनंद होतो, नाहीतर तो उताणा पडलाच नसता. सासूबाईंचे म्हणणे असे, की त्याला गुदगुल्या होतात, त्या बिचाऱ्याला बोलता येत नाही आणि आपण मात्र त्याचा खेळ मांडला आहे. मला दोन्ही बाजू थोड्याथोड्या पटतात, म्हणून हा धागा. आणखी एक शंका म्हणजे, पावसाळ्यात फिरून आल्यावर त्याचे पंजे पुसताना बोटांच्या बेचक्यात फडके गेले, की तो पाय झटकन ओढून घेतो आणि कधीकधी हलकेच गुरगुरतो. हा त्याच प्रकारातला भाग आहे, की काही वेगळे आहे?

पेठेतला जुना

कुत्र्याला एखादी गोष्ट नको असेल तर तो उठून जातो, एवढा साधा हिशेब आहे. आमच्या वाड्यात तीन पिढ्या कुत्री होती, सगळी पोट खाजवून घ्यायची, सगळ्यांचे पाय हलायचे आणि कोणी कधी तक्रार केली नाही. आपले यजमान बरोबर आहेत. हल्ली आपण प्रत्येक गोष्टीवर फारच विचार करू लागलो आहोत, असे माझे मत आहे.

निवृत्त अध्यापक

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, त्यामुळे हा धागा पाहून राहवले नाही. आपण ज्या हालचालीचे वर्णन केले आहे, ती शास्त्राच्या इतिहासात फार बारकाईने तपासलेली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे तिचा अभ्यास केला आणि 1906 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिला मोठी जागा दिली. मज्जापेशींच्या कार्याविषयीच्या शोधांसाठी 1932 चे नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

शेरिंग्टन यांनी ज्या कुत्र्यांवर प्रयोग केले, त्यांचा मज्जारज्जू मानेच्या भागात छेदलेला होता. हे प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांतून निघालेला निष्कर्ष टाळता येत नाही. मेंदूचा मागच्या पायांशी काहीही संबंध उरलेला नसताना त्या कुत्र्यांच्या खांद्याच्या मागे हलकेच घासले, की त्याच बाजूचा मागचा पाय नेमका खाजवू लागे. म्हणजे खाजवण्याचा सगळा आराखडा, कोणता स्नायू केव्हा आवळायचा आणि केव्हा सोडायचा हे, कमरेच्या भागातील मज्जारज्जूतच तयार असते. पाठीवरच्या आणि बरगड्यांवरच्या कातडीतून संदेश मज्जारज्जूत शिरतो, तेथूनच लांब मज्जातंतूंनी खाली कमरेकडे जातो आणि पायाचे चक्र सुरू होते. मेंदूला ही बातमी मिळते, पण पाय हलवण्यासाठी त्याच्या परवानगीची वाट पाहिली जात नाही.

ज्या भागावर घासले असता ही क्रिया सुरू होते, तो भाग त्यांनी आखून काढला होता. घोड्यावर खोगीर घालावे तसा तो पाठीवर आणि दोन्ही कुशींवर पसरलेला असतो. मध्यभागी ही क्रिया सहज सुरू होते आणि कडेकडे तिला अधिक चिथावणी लागते. चिकूच्या बाबतीत बोटे सरकवल्यावर पाय मंदावतो, त्याचा उलगडा येथे होतो. कातडीवर पिसू चालल्याचा भास निर्माण करण्यासाठी त्यांनी एक बारीक टाचणी विजेला जोडून वापरली होती आणि तिला गमतीने 'विजेची पिसू' म्हटले होते. एका ठिकाणी दिलेला अगदी क्षीण झटका काहीच करत नसे. पण जवळच्याच दुसऱ्या ठिकाणी तेवढाच क्षीण झटका त्याच वेळी दिला, की दोन्हींची बेरीज होऊन पाय उचलला जाई. आपण एका बोटाने टोचले तर कुत्रा ढिम्म राहतो आणि चारही बोटे फिरवली की पाय सुरू होतो, ते याचमुळे.

सर्वांत रंजक बाब वेगाची आहे. झटके सेकंदाला कितीही वाढवले, तरी पाय आपल्या ठरलेल्या तालातच, म्हणजे सेकंदाला साधारण चार ते पाच वेळा, हलतो. चिकूला हळू खाजवून पाहा आणि जोरात खाजवून पाहा. पायाची झेप कमीजास्त होईल, लय मात्र फारशी बदलणार नाही. मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करून मोजता येईल.

टेकडीवरची वाट

उत्तम माहिती. एक बाळबोध प्रश्न विचारतो. दोन्ही बाजूंनी एकदम खाजवले तर काय होते? आमच्या मुलाला हा प्रयोग करायचा आहे आणि मी त्याला थोपवून धरले आहे.

निवृत्त अध्यापक

प्रश्न बाळबोध नाही, शेरिंग्टन यांनाही तो पडला होता. कुत्रा उभा राहून खाजवतो तेव्हा एक पाय उचललेला असतो आणि दुसऱ्या मागच्या पायाला शरीराचा भार सांभाळायचा असतो. म्हणून एका बाजूचे चक्र सुरू झाले की ते दुसऱ्या बाजूचे चक्र दाबून टाकते. दोन्हीकडे सारखी चिथावणी दिली तरी बहुधा एक बाजू जिंकते आणि पाय एकच हलतो. त्याचप्रमाणे खाजवण्याची क्रिया चालू असताना त्याच पायाच्या पंजाला वेदना झाली, तर खाजवणे तत्काळ थांबते आणि पाय आखडून घेतला जातो. पिसवेपेक्षा काट्याची दखल आधी घेतली जाते, अशी ही व्यवस्था आहे.

पेठेतला जुना

हे सगळे मान्य केले, तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. पाय आपोआप हलतो म्हणून कुत्र्याला आनंद होत नाही, असे कोठे सिद्ध झाले?

निवृत्त अध्यापक

तसे सिद्ध झालेले नाही आणि मी तसे म्हणतही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पायावरून आनंदही कळत नाही आणि त्रासही कळत नाही. याबाबत डार्विन यांचे एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. प्राण्यांच्या आणि माणसांच्या भावना कशा व्यक्त होतात, यावर 1872 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे, की कुत्र्याच्या पाठीवर काठीने घासले असता त्याला हवेत किंवा जमिनीवर पाय चालवल्यावाचून राहवतच नाही आणि तो व्यर्थ व हास्यास्पद रीतीने खाजवत राहतो. त्यांनी या हालचालीला दृढ झालेली सवय मानले. मज्जारज्जूचा उलगडा पुढच्या पिढीने केला. मात्र आपल्या टेरियर कुत्रीला यात सुख वाटत होते, हे त्यांनी कशावरून ओळखले? ती हवा चाटत असे, जणू मालकाचा हात चाटते आहे, त्यावरून. पाय त्यांनी एका खात्यात टाकला आणि जीभ दुसऱ्या. हा भेद दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने नुसत्या डोळ्यांनी पाहून केला होता.

तेव्हा आपल्या वाड्यातील कुत्र्यांना आनंद होत असेलही. फक्त त्याची साक्ष कुत्र्याच्या पुढच्या अर्ध्या भागाकडून घ्यावी लागेल.

जिलबीची आई

पायावर विसंबू नये, या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. आमची जिलबी ही डॅशहंड जातीची कुत्री आहे. लांब पाठ आणि आखूड पाय असल्यामुळे या जातीत मणक्यांमधली चकती सरकण्याचा आजार पुष्कळ आढळतो. एका सकाळी तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले. आम्ही घाबरलो, पण तिच्या कुशीला हात लागताच पाय थोडा हलला आणि पंजा चिमटीत धरल्यावर तिने तो ओढूनही घेतला. "पाय हलतो म्हणजे संवेदना शाबूत आहे, पाठ अवघडली असेल, दोन दिवस थांबू," असा सल्ला इमारतीतल्या एका अनुभवी श्वानपालकाने दिला. सुदैवाने आम्ही थांबलो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले ते मी कधीही विसरणार नाही. पंजा चिमटल्यावर पाय मागे घेतला जाणे ही मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूत पूर्ण होणारी क्रिया आहे. चिमटा मेंदूपर्यंत पोहोचला की नाही, हे कुत्रा मान वळवून पाहतो का, कण्हतो का, डोळे विस्फारतो का किंवा चावायला येतो का, यावरून ठरते. पाठीच्या मधल्या भागात दाब असेल तर त्याच्या खालचा मज्जारज्जू स्वतःपुरता व्यवस्थित चालू असतो, आणि म्हणून पाय हलतोही. डॉक्टर जिलबीच्या पंजाकडे पाहतच नव्हते. चिमटा पायाला लावून त्यांची नजर तिच्या तोंडावर होती. तिने मान वळवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा सैलपणा आला. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि आता ती चालते, थोडी डुलत चालते एवढेच. कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले, तर घरी खाजवून परीक्षा घेत बसू नये. तास महत्त्वाचे असतात.

पशुवैद्यक विद्यार्थी

वरील प्रतिसाद फार मोलाचा आहे. आम्हाला हे पहिल्यांदा शिकवले जाते तेव्हा बहुतेक सगळे विद्यार्थी पंजाकडेच पाहत असतात.

पाठीच्या कण्यात इजा नेमकी कोणत्या पातळीवर आहे हे शोधण्यासाठी आणखी एक क्रिया वापरतात आणि ती आपल्या मातीत सर्वांनी पाहिलेली आहे. गायीच्या अंगावर माशी बसली, की ती शेपूट न हलवता नुसती कातडी थरथरवते. कुत्र्यातही कातडीखाली असा पातळ स्नायू असतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना कमरेपासून पुढे पुढे हलकेच चिमटे घेत गेले असता प्रत्येक ठिकाणी कातडी थरथरते. संदेश चिमट्याच्या जागेवरून मज्जारज्जूतून वर जातो, मान आणि छाती यांच्या सांध्यापाशी पोहोचतो आणि तेथून निघणारा मज्जातंतू तो स्नायू हलवतो. वाटेत कोठे इजा असेल तर तिच्या मागच्या भागात चिमटा घेतल्यावर थरथर होत नाही. पुष्कळ पालक ही थरथर पाहून कुत्र्याला गुदगुल्या होतात असे समजतात. निरोगी कुत्र्यात अनोळखी, हलक्या स्पर्शाने ती दिसणे स्वाभाविक आहे. कोणी हात लावलेला नसताना कातडी सारखी थरथरत असेल, तर मात्र वेदना, पिसवा किंवा मज्जासंस्थेचा विकार यांचा विचार करावा लागतो.

दुसरी उपयुक्त क्रिया कानाची आहे. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून काही सेकंद एकमेकींवर चोळली आणि त्याच बाजूचा मागचा पाय खाजवण्यासाठी उचलला गेला, तर खरजेची दाट शंका घेतली जाते. खरूज करणारा सूक्ष्म किडा कातडीत बोगदे करतो आणि त्याला कानाच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे विशेष प्रिय असतात. खरूज झालेल्या बहुतांश कुत्र्यांत ही परीक्षा होकारार्थी येते आणि इतर त्वचारोगांत ती क्वचितच येते, म्हणून कातडी खरवडून केलेल्या तपासणीत किडा सापडला नाही तरी डॉक्टर उपचार सुरू करतात. हा किडा माणसालाही तात्पुरता चावतो. कुत्र्याबरोबर घरातल्या मंडळींच्या हातांवर आणि पोटावर लाल पुरळ आली असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

सहकारनगरकर

सर्वांचे आभार. इतकी चर्चा होईल अशी अपेक्षा नव्हती. पण मग नेहमीची खाज आणि आजाराची खाज घरच्या घरी वेगळी कशी ओळखावी? चिकू दिवसातून अनेकदा स्वतःहून खाजवतो, आणि आता प्रत्येक वेळी मी दचकते.

पशुवैद्यक विद्यार्थी

दचकण्याचे कारण नाही. झोपेतून उठल्यावर, पट्टा काढल्यावर किंवा पेचात पडल्यावर कुत्री थोडीफार खाजवतातच. जागा कोणती आहे याकडे लक्ष द्यावे. शेपटीचे मूळ, कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग कुरतडला जात असेल तर पिसवांच्या लाळेची ॲलर्जी प्रथम आठवावी. पंजे चाटणे, तोंड जमिनीवर घासणे, काखा आणि पोट लाल होणे, कान पुन्हा पुन्हा बिघडणे ही लक्षणे धूळ, परागकण किंवा अन्न यांच्या ॲलर्जीकडे बोट दाखवतात. पुण्याच्या पावसाळी दमटपणात कानात आणि बोटांच्या बेचक्यांत यीस्ट वाढते. त्याला आंबूस, शिळकट वास येतो आणि तो वास एकदा ओळखला की पुन्हा विसरत नाही.

खाजवण्यामुळे झोप मोडत असेल, केस गळून टक्कल पडत असेल, कातडी काळी किंवा जाड होत असेल, तर वाट पाहू नये. माणसांची स्टेरॉइडयुक्त मलमे कुत्र्याला लावू नयेत, कारण तो ती चाटणारच. टी ट्री तेल नैसर्गिक असले तरी कुत्र्यांना बाधते. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडांचे औषध वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच, कारण ते मांजराच्या जिवावर बेतू शकते.

टेकडीवरची वाट

पंजांविषयीचा मूळ प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे वेताळ टेकडीवर कुत्र्यांना घेऊन जातो. पाऊस ओसरला, की दिवाळीच्या सुमारास टेकडीवरचे गवत पिवळे पडते आणि कुसळे सुटू लागतात. आपल्या मोज्यांत ती अडकतात तशीच कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. कुसळाची रचना अशी असते, की ते पुढे सरकते पण मागे येत नाही. आत शिरले की तेथे गाठ येते, पू होतो आणि कुत्रा तो एकच पंजा सारखा चाटू लागतो. म्हणून चारही पंजे सारखेच ओढून घेतले जातात, की एकच, हे पाहावे. चारही असतील तर तो स्वभाव. एकच असेल तर उजेडात बसून बोटे फाकवून पाहावे.

दुसरी गोष्ट गोचिडांची. आपण ज्यांना कुत्र्याच्या 'गुदगुल्यांच्या जागा' म्हणतो, त्याच नेमक्या गोचिडांच्या आवडीच्या असतात: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा, जांघ आणि बोटांच्या बेचकी. कुत्र्याची जीभ आणि दात तेथे सहज पोहोचत नाहीत किंवा कातडी तेथे पातळ असते. तेव्हा लाड करताना बोटे तेथून फिरवली की तपासणी आपोआप होते. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, काडी लावू नये आणि नखाने चिरडू तर मुळीच नये. गोचीडतापाने कुत्री दगावतात. हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, कुत्रा मलूल झाला, ताप आला किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी.

चष्मेवाली

मी सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण येथे त्यांची वकिली कोणी केलेली दिसत नाही.

गुदगुल्यांचे दोन प्रकार मानसशास्त्रात 1897 पासून वेगळे मानले जातात, जी. स्टॅनले हॉल आणि आर्थर ॲलिन यांनी तो भेद मांडला. पहिला प्रकार पिसाच्या स्पर्शासारखा किंवा मुंगी चालल्यासारखा. त्याने हसू येत नाही, शिरशिरी येते आणि ती जागा झटकावीशी वाटते. दुसरा प्रकार काखेत बोटे खुपसून खदखदून हसवणारा. पहिला प्रकार सस्तन प्राण्यांत सर्वदूर आढळतो आणि कुत्र्याने पंजा ओढून घेणे, मिश्यांना हात लागताच डोळे मिटणे, कानातल्या केसांना धक्का लागताच कान फडफडवणे हे सगळे त्यात बसते. दुसऱ्या प्रकाराचे पुरावे मोजक्याच प्राण्यांचे आहेत. चिंपांझी आणि इतर वानरे गुदगुल्या केल्यावर हसण्यासारखे आवाज काढतात. याक पँकसेप यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की पाठीवर आणि पोटावर खेळकरपणे गुदगुल्या केलेले उंदीर 50 किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, आणि हा आवाज आपल्या कानांच्या आवाक्याबाहेरचा असतो. तोच हात पुन्हा यावा म्हणून ते त्याच्या मागे धावतही. मात्र बर्लिन येथील 2016 च्या प्रयोगांत उंदरांना उंच, अरुंद चौथऱ्यावर ठेवून अस्वस्थ केले, तेव्हा त्यांचे चिवचिवणे कमी झाले. म्हणजे गुदगुल्या करणारा हात तोच, जागा तीच, पण मनःस्थिती बदलली की अनुभव बदलतो.

कुत्र्याला आपल्यासारख्या हसवणाऱ्या गुदगुल्या होतात, असे सिद्ध झालेले नाही. तरीही सासूबाईंना जे दिसते आहे ते खोटे नाही. पाहुणे आले, मुले जमली, चिकूला घेरून प्रत्येकाने ते बटण दाबले. या परिस्थितीत पाय तेवढ्याच वेगाने चालेल, आणि चिकूला मात्र ते नकोसे असू शकेल. पेठेतल्या काकांच्या 'उठून जातो' या नियमाबद्दल माझी शंका ही, की भोवती सहा मुले बसलेली असताना उठून जाणार कोठे?

पेठेतला जुना

काका म्हटल्याबद्दल आभार. सहा मुलांचा मुद्दा मान्य. वाड्यात अंगण होते, फ्लॅटमध्ये ते नाही, आणि कुत्र्याने उठून जावे असे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे अंगण होते. पण पोट दाखवणे म्हणजे आमंत्रण, हे तरी खरे ना?

सदाशिव श्वानशाळा

मी कुत्र्यांना वळण लावण्याचे काम करतो. पोट दाखवण्याचे दोन अर्थ होतात आणि ते अंगाच्या सैलपणावरून ओळखता येतात. कुत्रा लोळत पडला, तोंड किंचित उघडे, जीभ एका बाजूला, कंबर वाकडी, शेपूट सैल, असे असेल तर ते आमंत्रण समजावे. शेपूट पोटाकडे वळवलेली, ओठ घट्ट मिटलेले, मान दुसरीकडे वळवलेली आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत असेल, तर तो 'मला काही करू नका' असे सांगतो आहे. या दुसऱ्या अवस्थेत पोटावर हात ठेवणाऱ्या मुलांना कुत्री चावतात, आणि मग घरचे म्हणतात की एकाएकी चावला. जांभई देणे, स्वतःचे नाक चाटणे, अंग ताठ करून श्वास रोखणे या सूचना त्याआधी दिलेल्या असतात.

मी पालकांना एकच परीक्षा शिकवतो. दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. कुत्रा नाकाने हात ढकलू लागला, अंग रेलू लागला, पंजा ठेवू लागला, तर पुढे चालू ठेवा. तो तसाच पडून राहिला किंवा अंग झाडून उठला, तर त्याचे पोट भरले आहे. हात बाजूला घेतल्यावर पाय थांबलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहण्याचा मोह उरत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक कुत्र्यांना पाय चालवणाऱ्या जागेपेक्षा छातीचा मध्यभाग, खांदे आणि शेपटीच्या मुळाच्या वरची जागा अधिक आवडते. पाय चालतो त्या जागेवर ती थोडा वेळ रमतात आणि मग कूस बदलतात.

पंजे पुसताना होणाऱ्या गुरगुरीबद्दल सांगतो. त्याला रागावू नका, कारण ती गुरगुर दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता दात लावेल. आधी कोरड्या फडक्याने फक्त खांद्यापासून कोपरापर्यंत पुसा आणि खाऊ द्या. काही दिवसांनी पंज्याच्या वरच्या बाजूपर्यंत या. बेचक्यात फडके सर्वांत शेवटी. हलका, सरकता स्पर्श त्याला अधिक झोंबतो, म्हणून पंजा तळहातात पूर्ण धरून, किंचित दाब देऊन पुसा. फडके घासण्याऐवजी टिपत गेलात तर फरक पहिल्याच आठवड्यात दिसेल.

सहकारनगरकर

कालपासून हात मागे घेण्याची परीक्षा करून पाहते आहे. यजमान खाजवतात तेव्हा चिकू नाकाने त्यांचा हात ढकलून पुन्हा मागतो. मुले खाजवतात तेव्हा पाय तसाच चालतो, पण तो हवेकडे पाहत नाक चाटतो आणि हात निघताच पलंगाखाली जातो. तेव्हा दोन्ही तट एकाच वेळी बरोबर निघाले आहेत आणि घरात सध्या शांतता आहे. पाहुण्यांसाठीचे बटण बंद केले आहे.

मात्र तपासणी करताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. डाव्या कानाच्या बुडाशी खाजवले की तो डोके माझ्या हातावर जोराने दाबतो, घशातून कण्हल्यासारखा आवाज काढतो आणि डावा मागचा पाय चालू लागतो. उजव्या कानाला असे काहीच होत नाही. आम्ही आतापर्यंत याला त्याची आवडती जागा समजत होतो.

पशुवैद्यक विद्यार्थी

एकाच कानाला असे होत असेल तर कान आतून दुखत किंवा खाजत असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरून दाब दिल्यावर क्षणभर बरे वाटते, म्हणून तो डोके दाबतो. कानाची पाळी उलटून वास घ्या आणि आत लाली, तपकिरी मळ किंवा ओल आहे का ते पाहा. कापसाची काडी आत घालू नका आणि डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याची खात्री करण्यापूर्वी कोणतेही थेंब टाकू नका. चिकू तळजाई टेकडीवर फिरत असेल, तर आत कुसळ आहे का हेही कान तपासण्याच्या दुर्बिणीने पाहायला सांगा.

सहकारनगरकर

वास आला. आंबूसच आहे. संध्याकाळी सहाची वेळ मिळाली आहे.